पायाळू

अकरा सेकंद आहेत ती. मोबाईलवर ती क्लिप मी इतक्यांदा पुढेमागे करून पाहिली की आता डोळे मिटले तरी दिसते. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ आहे, तीही चुकीची. आमच्या डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ बसवल्या दिवसापासून नऊ मिनिटं पुढे आहे आणि ते नीट करावं असं कुणाला सुचलं नाही. चित्रात गावच्या घराचा सोपा. आई डावीकडून येते. टीव्हीची पिन काढते, फ्रिजची काढते, मिक्सर बंदच असतो तरी त्याचीही काढून वायर गुंडाळून ठेवते. मग खिडकीकडे जाते. तिथे स्टुलावर जुना टेलिफोन आहे, त्याची वायर भिंतीवरच्या रोझेटमधून उपसते. हा फोन बंद होऊन सहा वर्षं झाली. मग ती सरळ कॅमेऱ्याखाली येते. कॅमेऱ्याच्या डब्याचा आणि इंटरनेटचा बोर्ड तिथेच खाली आहे. ती वाकते, हात पुढे करते, बोटं बटणाला टेकतात. आणि थांबते. मान वर करून बघते, थेट कॅमेऱ्यात. मग हात मागे घेते, पदराला पुसते, आणि चित्रातून निघून जाते. बोटं टेकल्यापासून हात मागे घेईपर्यंत अकरा सेकंद. पुढे पंचवीस मिनिटं नुसता रिकामा सोपा, वाऱ्याने हलणारं कॅलेंडर आणि अंधारत जाणारं दार. मग सगळं चित्र एकदम पांढरं होतं आणि रेकॉर्डिंग संपतं.

त्या बटणाला हात लावायचा नाही असं तिला मीच बजावलं होतं.

एकदा नव्हे, चार-पाचदा. सुरुवातीला ती रात्री निजताना सगळी बटणं बंद करायची, त्यात हेही. सकाळी मी पुण्यात ॲप उघडलं की राखाडी चौकोन. मग फोन, मग चिडचिड. "अगं, लाइटबिल येतं," ती म्हणायची. "येऊ दे," मी म्हणायचे, "पण कॅमेऱ्याला हात लावू नकोस. काय वाट्टेल ते झालं तरी." काय वाट्टेल ते झालं तरी, हे शब्द माझे आहेत.

मेच्या शेवटी आमच्या खटाव भागात जो वळीव येतो तो पाऊस म्हणून येतच नाही, तो भांडण काढायला आल्यासारखा येतो. दुपारभर काहिली, वारा मेलेला, माळावर गरम हवेचं पाणी हलतंय, आणि चारच्या सुमाराला नैर्ऋत्येला एकदम काळंनिळं. मातीचा लोट आधी, थेंब नंतर, आणि विजा दोघांच्याही आधी. माझ्या मोबाईलवर दामिनी ॲप आहे, आमच्या पुण्यातल्याच उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलेलं. वीस किलोमीटरच्या आत वीज असली की ते सांगतं. पण ते मी जिथे असते तिथलं सांगतं. त्या दिवशी पुण्याचं आभाळ निरभ्र होतं आणि मी एका मीटिंगमध्ये बसून कुणाची तरी आकडेमोड ऐकत होते. बाहेर आले, सवयीनं कॅमेऱ्यांचं ॲप उघडलं, तर तिन्ही चौकोन काळे. आईचा मोबाईल बंद. शेजारी फोन लागेना. अर्ध्या-पाऊण तासानं शेजारचा मुलगा आमच्या घरी पोचला तेव्हा आई माजघरात बसून लसूण सोलत होती. वीज पडली होती आमच्या मागच्या वावरातल्या लिंबावर, घरापासून शंभर-दीडशे पावलांवर. बुंध्यावरून सालीचा एक लांब पट्टा कुणीतरी चाकूनं सोलावा तसा निघाला होता. "मोबाईल का बंद ठेवलास?" मी ओरडले. "विजा होत्या की," ती म्हणाली, आणि त्यावर मला काहीच बोलता येईना, कारण हा नियम माझ्या घरात माझ्या जन्माआधीपासूनचा आहे.

खरं तर विजेशी माझा हिशेब त्याहूनही जुना. मी पायाळू. पायांकडून जन्मलेली. पायाळू माणसावर वीज पडते हे आमच्याकडे कुणी कुणाला समजावून सांगत नाही, ते दुधाबरोबरच पोटात जातं. आभाळ भरून आलं की आजी मला ओढत माजघरात न्यायची, पाटावर बसवायची, आणि अंगणात लोखंडी पहार फेकायची, वीज त्या लोखंडाकडे जावी म्हणून. गंमत अशी की एरवी माझ्या पायाला फार मागणी. कुणाच्या कंबरेत उसण भरली की मला बोलावणं यायचं. तो बाप्या पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीला पाय लावायचे. वर गूळ-शेंगदाणे मिळायचे. पण त्याच घराच्या ओसरीवर मी खेळत असताना गडगडलं की तीच माणसं म्हणायची, "जा बाळ, घरी जा, तुझी आजी वाट बघत असंल." पावसात भिजत घरी पळताना मला विजेपेक्षा त्यांच्या त्या गोड आवाजाची जास्त भीती वाटायची.

अण्णांना हे सगळं चालायचं नाही. ते टेलिफोनच्या खात्यात लाइनमन. म्हणजे पंचक्रोशीत खांबावर चढणारा माणूस. त्यांच्या मते वीज कुणाचा जन्म बघून पडत नाही, ती वाट बघून पडते. उंच काय आहे, ओलं काय आहे, लांब तार कुठली. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला कायम केबलचे तुकडे बांधलेले असायचे, आणि त्या तुकड्यांवर माझं बालपण गेलं. केबलचं काळं साल उतरवलं की आत चिकट, पारदर्शक जेली. पाणी शिरू नये म्हणून भरलेली. ती हाताला लागली की साबणानं जायची नाही. अण्णा आधी रॉकेलनं हात पुसायचे, मग राखेनं, मग साबणानं, आणि तरी जेवताना त्यांच्या बोटांना किंचित वास यायचा. मला तो वास आवडायचा. आईला नाही. जेली पुसली की आतून रंग निघायचे. आम्ही पोरींनी त्या तारांच्या अंगठ्या केल्या, बांगड्या केल्या, एकीनं तर अख्खा मोर. आणि अण्णांनी मला पाढ्यांच्या आधी रंग शिकवले. पाच रंग इकडचे: पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. पाच तिकडचे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी आणि 'स्लेट'. स्लेट म्हणजे आमच्या शाळेच्या पाटीचा रंग, असं मी धरून चालले होते, आणि ते बरोबरच होतं. पाच पंचे पंचवीस जोड्या. "तेरावी जोडी?" अण्णा सायकल हाणता हाणता विचारायचे. "ब्लॅक-ग्रीन!" मी मागून ओरडायचे. आजही मला रात्री झोप येत नसली की मी मेंढ्या नाही मोजत, व्हाइट-ब्लूपासून सुरू करते. व्हायोलेट-स्लेटपर्यंत क्वचितच जाते.

त्या जोड्यांना पीळ असतो. वेणीसारखा, पण दोनच पेडांचा. तो का घालतात हे मी एकदा विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, दोघी एकमेकींना धरून असल्या की बाहेरच्या कटकटी दोघींना सारख्याच लागतात, मग त्या एकमेकींत फिटून जातात. मला ते आजी आणि आईबद्दल वाटलं होतं. पुढे कधीतरी वाचलं, की हा पीळ ग्रॅहम बेलनंच १८८१ मध्ये काढला. त्याच्या आधीचे टेलिफोन एकाच तारेवर चालायचे आणि परतीचा रस्ता म्हणून जमीन वापरायचे. तार जायला एक, यायला धरित्री. मग शहरांतून ट्रामगाड्या आणि विजेचे दिवे आले, जमिनीतही खरखर भरली, तेव्हा दुसरी तार घ्यावी लागली आणि तिला पीळ घालावा लागला. केबलमधल्या शेजारच्या जोड्यांचा पीळही मुद्दाम कमीजास्त ठेवतात, नाहीतर एकीचं बोलणं दुसरीत ऐकू येतं. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही हे आपण हट्टी माणसाबद्दल बोलतो, पण लाइनमनच्या पोरीला ती म्हण आधी डोळ्यांनी ठाऊक असते. वणव्यात जळालेली केबल अण्णांनी एकदा घरी आणली होती. रंग सगळे गेलेले, आणि उघडी तांब्याची तार अजून एकमेकींना वेटोळं घालून बसलेली.

आमच्या घरात टेलिफोन आला तो गावात छोटं एक्स्चेंज आल्यावर. सी-डॉटचं, म्हणजे आपल्या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेचं, १२८ लाइनींचं. हे यंत्र पहिल्यांदा १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसवलं, आणि त्याचं कौतुक असं की त्याला एसी लागायचा नाही. अण्णा ही गोष्ट घरच्या मुलाला स्कॉलरशिप मिळाल्यासारखी सांगायचे: परदेशी मशीन उकाड्यात बेशुद्ध पडतं, हे आपलं आहे, आपल्यासारखंच घामेजून काम करतं. एक्स्चेंजच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग, ४८ व्होल्टची. गावातली लाइट दोन-दोन दिवस गेली तरी टेलिफोन चालू, कारण त्याला लागणारी वीज बोलण्याच्याच तारेतून यायची. अंधारात, चिमणीच्या उजेडात, तो काळा फोन वाजायचा तेव्हा घरातली ती एकटीच जिवंत वस्तू वाटायची. अण्णा ओल्या बोटानं तार तपासायचे. नुसती झिणझिण आली तर लाइन आहे. पण नेमकी त्या क्षणी कुणाची रिंग आली तर ते ७५-एक व्होल्ट, आणि खांबावरून एक सणसणीत शिवी खाली.

आणि एक्स्चेंजच्या त्या खोलीतच मी आमच्यासारखे दुसरे पायाळू पाहिले. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक तारेच्या तोंडाशी एक चिमुकली नळी बसवलेली होती, दातांच्या डॉक्टरकडे असते तसल्या काहीतरी आकाराची. अण्णा तिला 'जीडी ट्यूब' म्हणायचे. आत वायू कोंडलेला. रोजच्या बोलण्याशी तिला काही देणंघेणं नाही. पण तारेवरून वीज धावत आली की आतला वायू पेटतो, मशीनकडे जाणारी ती धाव स्वतःवर घेतो आणि जमिनीत सोडतो. वळवानंतरच्या सकाळी अण्णा मेलेल्या नळ्या चिमट्यानं उपसून डब्यात टाकायचे. डबा खुळखुळायचा. "ह्या गेल्या म्हणून मशीन राहिलं," ते म्हणायचे. मी त्यातल्या दोन-चार घरी आणून खेळायला घेतल्या होत्या. आजीनं त्या परसात पुरायला लावल्या.

घरी मात्र अण्णांनी विजेसाठी जे केलं ते साधं होतं. पावसाळा सुरू व्हायच्या आधी एका वर्षी त्यांनी न्हाणीच्या मागे छाती इतका खड्डा खणला. तळाला तांब्याची पत्रा-पट्टी, त्यावर लोणारी कोळशाचा थर, मग खड्या मिठाचा, परत कोळसा, परत मीठ. आईचा जीव तुटत होता. एवढ्या मिठात दोन वर्षांचं लोणचं झालं असतं. वर एक पाइप, त्याला नरसाळं, त्यावर झाकण. ही आमची अर्थिंग. मीठ आणि कोळसा ओल धरून ठेवतात, आणि ओल्या मातीतूनच वीज वाहते. कोरड्या मुरमातून नाही. म्हणून उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी अण्णा त्या नरसाळ्यात एक बादली पाणी ओतायचे. आंघोळीच्या आधी, उघड्या अंगानं, जानवं कानावर नाही पण चेहरा तसाच. पाणी गुडगुड करत खाली जायचं. ते गुडगुडणं थांबेपर्यंत ते उभे राहायचे. आमच्याकडे मे महिन्यात पाण्याची काय अवस्था असते ते माण-खटावकरांना सांगायला नको. आई म्हणायची, प्यायला टँकर आणि ह्यांच्या खड्ड्याला बादली. पण ती बादली कधी चुकली नाही.

त्यासोबत नियम होते. ढग दिसले की पिना काढायच्या. गडगडायला लागल्यावर नाही, तेव्हा तारेला हात लावायचाच नाही. पहिली टेलिफोनची, कारण ती तार सगळ्यांत लांबून येते. आणि विजा चमकत असताना फोनवर बोलायचं नाही. पुण्याहून मी फोन केला आणि पलीकडे ढग असले तर आई "विजा आहेत" एवढं म्हणून ठेवून द्यायची. होस्टेलवरच्या मैत्रिणींना ते भांडण वाटायचं.

अण्णा गेले चार वर्षांपूर्वी. पण टेलिफोन त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झाला होता. गावात फायबर आलं, घरात तांब्याच्या जागी काच आली. केसाइतक्या बारीक काचेतून लांबवर बोलणं नेता येईल, फक्त ती पुरेशी शुद्ध हवी, हे चार्ल्स काओनं १९६६ मध्ये मांडलं आणि त्यासाठी त्याला २००९ मध्ये नोबेल मिळालं. अण्णांनी ती पिवळी दोरी बोटांत फिरवून पाहिली, पीळ नाही म्हणून थोडे हिरमुसले आणि म्हणाले, "हिच्यातनं वीज घरात यायची नाही, हे बेस झालं. पण लाइट गेली की हिच्यातनं हाकही यायची नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. जुन्या टेलिफोनची तार मात्र कुणी काढून नेली नाही. खांबावरून ती अजून आमच्या खिडकीपर्यंत लोंबते, तिच्यावर सकाळी बुलबुल बसतात.

अण्णा गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आई न्हाणीत घसरली. फार लागलं नाही, पण तास-दीड तास कुणाला कळलं नव्हतं, आणि तो तास-दीड तास माझ्या छातीत जाऊन बसला. ती पुण्याला येईना. मी तिकडे राहू शकत नाही. मग आजकाल सगळे करतात तेच मी केलं. तीन कॅमेरे: एक गेटवर, एक मागच्या दाराला, एक सोप्यात. ऑफिसात चहाच्या वेळी मी ॲप उघडायची. आई तांदूळ निवडतेय, आई उन्हात पाय पसरून बसलीय, आई कॅलेंडरसमोर उभी राहून एकादशी शोधतेय. मला वाटायचं, मी तिच्याजवळ आहे. हळूहळू एक गोष्ट झाली ती माझ्या उशिरा लक्षात आली. मी फोन कमी करायला लागले. दिसतेय ना, बरी आहे, मग बोलायचं काय? पूर्वी "जेवलीस का" हे तरी विचारत होते. आता मला ते दिसत होतं.

घरातल्या या कॅमेऱ्याची मूळ कल्पना एका नर्सची, हे मला ही क्लिप पाहण्याच्या दिवसांतच कळलं. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी. तिच्या पाळ्या वेळी-अवेळी, नवऱ्याच्याही. घरी एकटी असताना दारावर थाप पडली की भीती वाटायची, आणि त्या वस्तीत पोलीस लवकर यायचे नाहीत. नवरा, आल्बर्ट, इलेक्ट्रॉनिक्समधला. दोघांनी मिळून दाराला वर-खाली चार भोकं ठेवली, मागे सरकता कॅमेरा, आणि चित्र झोपायच्या खोलीतल्या पडद्यावर. दारावरच्या माणसाशी बोलायची सोय, लांबून कडी उघडायची सोय, आणि धोका वाटला तर बटण दाबून मदत मागायची सोय. १९६६ मध्ये अर्ज केला, डिसेंबर १९६९ मध्ये पेटंट मिळालं. त्या पेटंटमधली आकृती मी बराच वेळ बघत बसले. पडदा बाईच्या उशाशी आहे. घरात एकटी असलेली बाई बाहेर बघतेय. बटणं सगळी तिच्या हाताशी. आणि मी काय केलं होतं? घरात एकट्या असलेल्या बाईकडे बाहेरून बघत होते, आणि जे एक बटण तिच्या हाताशी होतं त्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

कॅमेरे बघायला वडूजहून मुलगा आला त्या रविवारी मी गावी होते. पंचविशीचा, तोंडात स्क्रू धरून बोलायची सवय. डीव्हीआर उघडला, नाक जवळ नेलं, म्हणाला, "एसएमपीएस उडालाय मावशी. गेटचा चॅनलपण गेला." एसएमपीएस म्हणजे डब्याला वीज पुरवणारा आतला भाग. गेटपर्यंत कंपाउंडवरून चाळीस मीटर कॅमेऱ्याची थ्री प्लस वन केबल उघडी गेलेली. लिंबावर वीज पडली, तिचा धक्का तेवढ्या लांब तारेत आपोआप उमटला आणि तारेवरून घरात आला. वीज घरावर पडायला लागतच नाही. मग त्यानं मी हौसेनं घेतलेला स्पाइक गार्ड खोलला. मी तो घेतला तेव्हा वाटलं होतं, झालं, आता काळजी नाही. त्याचा हिरवा दिवा मला पुण्याहून कॅमेऱ्यात दिसायचा. आत एक निळी टिकली होती, रुपयाच्या नाण्याएवढी, अर्धी जळून फुटलेली, आजूबाजूला काजळी. त्यानं ती चिमट्यानं धरून माझ्या तळहातावर ठेवली. "हिनं आपल्या अंगावर घेतलं बघा, ताई."

व्हॅरिस्टर म्हणतात तिला. झिंक ऑक्साइडची, म्हणजे घामोळ्यांना लावतो त्या कॅलामाइनमध्ये जी पांढरी पूड असते तिचीच, दाबून भाजलेली वडी. जपानात मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी ती तयार केली. रोजच्या २३० व्होल्टला ती दगडासारखी बसून असते, काहीच जाऊ देत नाही. दाब बेसुमार वाढला की डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी वाट मोकळी करते आणि सगळा लोंढा स्वतःतून अर्थिंगकडे वळवते. बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा खटका, तेव्हा अजून जागाही झालेला नसतो; विजेचा खेळ त्याच्या आधी आटोपतो. आणि असा प्रत्येक धक्का तिला थोडं थोडं खाऊन जातो, बाहेरून दिसत नाही. माझ्या हातावर ती अजून काळा डाग सोडत होती. आजीला ही टिकली दाखवली असती तर तिनं लगेच ओळखली असती. उसण भरली की बोलवायची, गडगडलं की बाहेर ठेवायची.

"पण एवढं करून डीव्हीआर का गेला?" मी विचारलं. तो उठला, परसात गेला, म्हणाला, "अर्थिंग कुठाय?" नरसाळ्यावर आता धुणं धुवायचा दगड होता. आम्ही दोघांनी तो सरकवला. झाकणाखाली कोळ्याचं जाळं. त्यानं शंभरचा बल्ब आणला, एक टोक फेजला, एक अर्थला. बल्ब नुसता मिणमिणला, आतली तार निखाऱ्यासारखी तांबूस. "हिनं घेतलं, पण पुढं टाकायचं कुठं? कोरडा खडखडीत आहे." आई उंबऱ्यात उभी होती. काही न बोलता आत गेली, बादली घेऊन आली आणि नरसाळ्यात ओतली. मग दुसरी. गुडगुड, गुडगुड. जमीन किती वेळ पीतच राहिली. आणि हळूहळू, खरंच डोळ्यांसमोर, त्या बल्बचा उजेड चढत गेला.

"हे गेल्यापासनं ओतलंच न्हाई," आई म्हणाली. "मला वाटायचं त्यांचंच काय तरी हाय. नेमधर्म." मग जरा थांबून, "पाणी तरी कुठं होतं."

मुलानं जाताना जुन्या टेलिफोनकडे बोट दाखवलं. मला वाटलं हसेल. "ही वायर मावशींनी काढली ते बरं केलं. फोन बंद असला म्हणून काय, खांबावरनं येतंय की तांबं." मग म्हणाला, "म्हणाल तर तोडून टाकतो." मी हो म्हणणार होते. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ढग आले की काढतीय मी."

तो गेल्यावर मी तिला क्लिप दाखवली. स्वतःला पडद्यावर बघताना माणसं आधी केस नीट करतात. तिनंही पदर सारखा केला. अकरा सेकंद झाले. "हात का मागं घेतलास?" मी विचारलं. मला वाटलं होतं म्हणेल, तू रागवतीस म्हणून. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तू बघत असशील म्हणलं."

मी बघत नव्हते.

आता अर्थिंगची नवी तार ओढली आहे, गेटच्या केबलला आणि लाइटीच्या बोर्डाला नव्या टिकल्या आल्या आहेत, आणि गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र आईच्या टीव्हीवर जोडून घेतलंय. ती आता मला बातम्या देते: कुणाची म्हैस कुणाच्या वावरात गेली, एसटी किती उशिरा आली, कोण सून कुणाशी बोलत नाही. सोप्यातला कॅमेरा मी अजून लावलेला नाही. आणलाय, खोक्यात आहे, फडताळावर. काढून टाकावा असंही वाटत नाही, न्हाणीतला तो तास-दीड तास अजून गेलेला नाही. रविवारी सकाळी मात्र आठ वाजता तिला फोन करते. "ओतली?" "ओतली."

परवा ऑफिसातून निघताना पुण्यातही आभाळ भरून आलं होतं. दामिनीनं दोनदा किंकाळी फोडली. रिक्षात बसल्या बसल्या आईला फोन लावला.

"ढग आहेत का गं तिकडं?"

"हायत."

"पिना काढल्यास?"

"कवाच."

"कॅमेऱ्याची?"

"ती पहिली काढली. आता ठेव फोन. इजा चमकायल्यात. अन् तू आत हायस का, का भाईरच? पायाळू पोरगी तू…"

"आई, मोबाईलला काही होत नाही, मी—"

तिनं ठेवून दिला होता.